मालक परदेशी गेला म्हणून फोरमनला आपोआप व्हिसा मिळत नाही

हिंगणघाट-वणीच्या जिनिंगपट्ट्यात (जिनिंग म्हणजे कापसातून सरकी वेगळी करणारी गिरणी) वर्षानुवर्षे ऐकू येतं: मालकाने अमेरिकेत कंपनी काढली, की त्याच्या एका पत्रावर मुनीम, फोरमन सगळे जातात. हे साफ खोटं आहे. अशा भरवशावर कोणी वावर विकून एजंटच्या हातावर पैसे ठेवू नये, म्हणून हा खुलासा.

खरी वाट एल-१ व्हिसाची, म्हणजे कंपनीने आपलाच माणूस आपल्या अमेरिकेतल्या ऑफिसात बदलीवर नेण्याच्या व्हिसाची. त्यासाठी अर्ज कंपनीनेच करायचा. माणूस मागच्या ३ वर्षांत सलग १ वर्ष इथल्या कंपनीत कामाला असावा लागतो. व्यवस्थापकाला जास्तीत जास्त ७ वर्षं, विशेष ज्ञानवाल्याला ५; तिथलं ऑफिस नवं असेल तर आधी १च वर्ष.

फोरमनचं अडतं ते या विशेष ज्ञानावर. जिनिंग यंत्राच्या रोलर आणि पात्यातली फट तो नुसत्या आवाजावरून ओळखतो. मोठं कसब आहे ते! पण दुसऱ्या जिनिंगमधल्या फोरमनकडेही ते असतं. विशेष ज्ञान म्हणजे त्याच कंपनीच्या मालाचं किंवा पद्धतीचं, सहसा बाहेर न मिळणारं. आणि ते कागदोपत्री दाखवावं लागतं.

सगळ्यात महत्त्वाची अट कोणी सांगतच नाही. गावची जिनिंग विकून सगळा बाडबिस्तरा हलवला, तर एल-१चा पायाच जातो. माणूस तिथे असेपर्यंत कंपनीचा धंदा अमेरिकेबाहेर निदान एका देशात चालूच असावा लागतो.