हैतीच्या शाळांचा पैसा सरकारने खाल्ला?
12 जानेवारी 2010च्या भूकंपानंतर हैतीला अब्जावधी डॉलर मिळाले, सरकारने ते खाल्ले, म्हणून शाळा उभ्या राहिल्या नाहीत, असं अजूनही छातीठोकपणे सांगितलं जातं. तिथलं सरकार धुतल्या तांदळासारखं नव्हतं, मान्य. पण आपत्कालीन मदतीतला जेमतेम एक टक्का त्याच्या हाती पडला. बाकीची परदेशी संस्था, कंत्राटदार आणि देणगीदार देशांच्याच यंत्रणांकडे गेली. खाणार काय? शिक्षण मंत्रालयाची इमारतसुद्धा कोसळली होती. शिवाय भूकंपाआधीच सुमारे 80 टक्के शाळा खाजगी, चर्चच्या किंवा संस्थांच्या होत्या. एप्रिलमध्ये तंबूंत वर्ग भरू लागले, पण बहुतेक ठिकाणी फी आईबापांनीच भरायची, आणि त्यांतल्या अनेकांचा रोजगार बुडालेला.