लस आणि पेटंट

लस ज्यानं शोधली त्याच्या परवानगीशिवाय दुसऱ्यानं ती बनवायची नाही, साधारण 20 वर्षं, हा झाला लशीवरचा पेटंट हक्क. मराठवाड्यात हे फार समजावून सांगावं लागत नाही, कपाशीच्या बॅगेत बीटी बियाण्याच्या पेटंटची रॉयल्टी सगळ्यांनीच भरलेली आहे.

आपल्या 1970 च्या कायद्यात औषधावर पेटंट नव्हतंच, फक्त बनवायच्या पद्धतीवर होतं, त्यामुळं वेगळ्या पद्धतीनं तेच औषध काढता यायचं आणि आपल्या कंपन्या त्याच्यावरच मोठ्या झाल्या. मग 1995 ला जागतिक व्यापार संघटनेचा पेटंटबद्दलचा ट्रिप्स करार लागू झाला अन 2005 पासून औषधावरही पेटंट द्यावं लागलं. पळवाट एक आहे, सक्तीचा परवाना, म्हणजे पेटंटवाला नाही म्हणाला तरी सरकार दुसऱ्याला बनवायची परवानगी देतं. भारतानं तो पहिल्यांदा 2012 मधे बायर कंपनीच्या कॅन्सरच्या गोळीसाठी दिला, महिन्याचा खर्च 2 लाख 80 हजारांवरून 8,880 वर आला.

पण लशीचं गणित गोळीसारखं नाही. गोळीचं रसायन कळलं की चांगला केमिस्ट ती बनवू शकतो, लशीत मात्र पेशी कोणत्या, वाढवायच्या कशा, शुद्ध कशा करायच्या यातलं बरंचसं कंपनी स्वतःपाशीच ठेवते, पेटंटच्या कागदात ते सापडत नाही. कोविडची लस करणाऱ्या अमेरिकेच्या मॉडर्ना कंपनीनं ऑक्टोबर 2020 मधे साथ असेपर्यंत पेटंटवरून कुणाला अडवणार नाही म्हणून सांगितलं, पण शिकवलं कुणाला नाही. दक्षिण आफ्रिकेतल्या केपटाऊनच्या आफ्रिजेन कंपनीनं मग उघड माहितीवरून स्वतःच तशी लस केली, ती 2022 च्या सुरवातीला, तीही लॅबपुरती.

कोविशील्डचं उलट झालं. अ‍ॅस्ट्राझेनेकानं पुण्याच्या सीरमला परवान्यासोबत तंत्रही दिलं म्हणून ती बाटली आपल्या पीएचसीच्या फ्रिजात आली, एका बाटलीत 10 डोस, त्यामुळं दहा जण जमेपर्यंत सिस्टर बाटली फोडायला तयार नसायच्या. भाव मात्र सीरमच्या हातात: तोच डोस केंद्राला 150 रुपये, राज्याला आधी 400 मग 300, खाजगी दवाखान्याला 600. आणि दुसऱ्या लाटेत आपण निर्यात थांबवली तेव्हा गरीब देशांना लस पुरवणाऱ्या कोव्हॅक्स या जागतिक योजनेवर विसंबलेले आफ्रिकेतले देश लटकले, एका कारखान्यावर एवढं जग टेकवलं की दुसरं काय होणार.

ट्रिप्समधून सूट द्या हा प्रस्ताव भारत आणि दक्षिण आफ्रिकेनं 2 ऑक्टोबर 2020 लाच टाकला होता. चर्चा चालूच राहिली. नोव्हेंबर 2021 मधे तेव्हाच्या औरंगाबाद जिल्ह्यात लस घेतल्याशिवाय पेट्रोल अन रेशन नाही असा आदेश काढायची वेळ आली, म्हणजे लस पडून होती, माणसं येत नव्हती. डिसेंबरात तर सीरमनं कोविशील्ड बनवणंच थांबवलं. जिनिव्हात व्यापार संघटनेत निर्णय झाला 17 जून 2022 ला: सूट फक्त लशीच्या पेटंटपुरती, 5 वर्षांसाठी, टेस्ट किट आणि औषधं त्यात नाहीतच.