प्रीलोड आवळला म्हणून स्प्रिंग कडक होत नाही

पावसाळ्याआधी गोव्यात वाळपईतल्या एका गॅरेजात माझ्या ॲडव्हेंचर बाईकच्या मागच्या शॉकची (शॉक ॲब्सॉर्बरची) प्रीलोडची रिंग, म्हणजे स्प्रिंग आधीच थोडी दाबून ठेवणारी रिंग, चांगली आवळून दिली. "स्प्रिंग कडक केलीय, आता कच्च्या रस्त्यावर बिनधास्त घाला." सत्तरी तालुक्यात जांभ्याची बारीक खडी गोट्यांसारखी पसरलेल्या चढावर गाडी घातली, तर मागचं चाक खळग्याखळग्यावर जमीन सोडायला लागलं. रिंग आवळली की स्प्रिंग कडक होते, हा गैरसमज बऱ्याच रायडर मंडळींत आहे.

स्प्रिंगचा कडकपणा तारेची जाडी, वेटोळ्यांचा व्यास, त्यांची संख्या आणि धातू यांवर ठरतो. रिंग फिरवून यातलं काहीच बदलत नाही. हूकचा नियम आठवा: जेवढा भार, त्या प्रमाणात स्प्रिंग दबते. समजा, स्प्रिंग 1 मिमी दाबायला 10 किलो लागतात. रिंग आवळून ती आधीच 10 मिमी दाबून ठेवली, तर 100 किलोपर्यंत ती हलणारच नाही. 250 किलोला ती 15 मिमी बसेल; न आवळता 25 मिमी बसली असती. त्यापुढे मात्र दर 10 किलोला दोन्हीकडे 1 मिमीच. गाडी उंच झाली, कडक नाही.

आणि ही उंचीच नडते. आपण बसल्यावर सस्पेन्शन जेवढं खाली बसतं त्याला सॅग म्हणतात. खळगा आला की चाक साधारण तेवढंच खाली उतरून जमीन धरू शकतं. सॅग कमी, तर टायर हवेत. हवेतला टायर ना ढकलतो, ना ब्रेक घेतो. ऑफ-रोडसाठी एकूण ट्रॅव्हलचा (चाक वर-खाली जाऊ शकतं त्या अंतराचा) साधारण तिसरा हिस्सा सॅगला देतात.

शॉक चाकाच्या आसावर नसतो, स्विंगआर्मवर, म्हणजे मागचं चाक धरणाऱ्या हलत्या दांड्यावर, अलीकडे असतो. चाक 2 मिमी उचललं की शॉक 1 मिमी दाबला जात असेल, तर चाकापाशी स्प्रिंग निम्मी नाही, चौथ्या हिश्शाएवढीच कडक भासते, कारण अंतरही निम्मं आणि बलही निम्मं. म्हणून मागे लावलेल्या ॲल्युमिनियमच्या पेट्यांचा भार इतका जाणवतो. पूर्ण सामानासह सॅग जमवायला रिंग फारच आवळावी लागली, तर स्प्रिंगच जास्त कडक घ्यावी.

ट्रिपच्या आधी हँडलला लिंबू-मिरची बांधणारे खूप भेटतात. त्याने चाक जमीन धरत नाही. सॅग न मोजता बसवलेल्या महागड्या शॉकनेही धरत नाही.

मी गाडी मेन स्टँडवर घेतली, शेपटीकडच्या पॅनेलवर चिकटपट्टीची खूण केली. आसापासून खुणेपर्यंत 512 मिमी. हेल्मेट-बुटांसकट बसलो, मित्राने गाडी सरळ धरली, भावाने टेप लावला: 477. सॅग फक्त 35, ट्रॅव्हल 180. रिंग आठ फेरे सोडल्यावर 453, म्हणजे सॅग 59. त्याच चढावर मागचं चाक आता खडीला चिकटून चढलं. शेपटी बसल्याने हेडलाइट मात्र वर बघायला लागला. समोरच्यांचे डोळे दिपू नयेत म्हणून त्याच संध्याकाळी गाडी भिंतीसमोर उभी करून तो खाली घेतला.