दगड पाहत फोर्ट चालताना

मुंबईच्या फोर्ट भागात पहिल्यांदा पायी फिरणारा माणूस बहुधा इमारतींची नावे आणि वास्तुशैली शोधत फिरतो. त्याऐवजी भिंतींचा दगड पाहत चालावे, असे मला सुचवावेसे वाटते. १८६०च्या दशकात किल्ल्याची तटबंदी पाडल्यावर मोकळ्या झालेल्या जागेत पुढच्या वीस-पंचवीस वर्षांत मोठमोठ्या इमारती उभ्या राहिल्या. त्यांच्या दगडांमुळे हुतात्मा चौकापासून गेटवेपर्यंतच्या थोड्याशा अंतरात कोट्यवधी वर्षांच्या भूशास्त्राचे नमुने ओळीने पाहायला मिळतात.

सुरुवात उच्च न्यायालयापासून करावी. १८७८ मध्ये पूर्ण झालेल्या या इमारतीचा काळपट दगड म्हणजे बेसॉल्ट, सह्याद्रीत सगळीकडे दिसणारा आपला काळा पाषाण. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी दख्खनच्या पठारावर भेगांमधून लाव्हा बाहेर पडला आणि थरावर थर साचत गेले. आजही सुमारे पाच लाख चौरस किलोमीटर प्रदेश या थरांनी व्यापलेला आहे. लोह आणि मॅग्नेशियम असलेल्या खनिजांमुळे हा दगड काळा दिसतो, तर लाव्हा भूपृष्ठावर लवकर थंड झाल्याने त्याचे स्फटिक इतके बारीक राहतात की नुसत्या डोळ्यांना ते वेगवेगळे दिसत नाहीत. एखाद्या चिऱ्यात पांढरे ठिपके आढळले, तर ते लाव्हातील वायूच्या बुडबुड्यांनी सोडलेल्या पोकळ्यांचे असतात. पुढे त्या पोकळ्यांतून पाणी झिरपत राहिले आणि त्यातून झिओलाइट, कॅल्साइट किंवा गारेसारखी खनिजे तेथे साचली.

न्यायालयाच्या शेजारच्या राजाबाई टॉवरकडे वळले की रंग एकदम बदलतो. तोही १८७८ मध्येच पूर्ण झाला, परंतु त्यासाठी कुर्ल्याचा पिवळसर दगड वापरला गेला. काळा घोड्याजवळच्या डेव्हिड ससून ग्रंथालयाचा (१८७०) पिवळा दगड मालाडचा. मुंबई बेटाच्या उत्तरेकडील हे फिकट दगडही ज्वालामुखीतूनच आले, परंतु त्यांचा लाव्हा निराळ्या घडणीचा होता. मालाडचा दगड ट्रॅकाइट या प्रकारात मोडतो. त्यात सिलिका, सोडियम आणि पोटॅशियम बेसॉल्टपेक्षा जास्त, तर लोह कमी असते, म्हणून तो मुळात फिकट असतो, आणि असलेल्या थोड्या लोहाचा हवा-पाण्याशी संयोग झाला की त्याला पिवळसर छटा चढते. १९२४ मध्ये पूर्ण झालेल्या गेटवेच्या दगडाला अनेकदा ‘पिवळा बेसॉल्ट’ म्हटले जाते. बांधकामाच्या व्यवहारात हे नाव चालून गेले असले, तरी त्या रंगामागे वेगळ्या जातीचा लाव्हा आहे हे त्यातून कळत नाही.

बेसॉल्ट टिकाऊ असला, तरी पाथरवटाच्या छिन्नीला दाद देत नाही. म्हणूनच नाजूक कोरीवकामासाठी या परिसरात पोरबंदरचा दगड समुद्रमार्गे आणला गेला. सौराष्ट्राच्या किनाऱ्यावरचा हा चुनखडक सूक्ष्म सागरी जीवांच्या कवचांचा आणि शिंपल्यांच्या चुऱ्याचा बनलेला असून त्याचे वय जेमतेम काही लाख वर्षे आहे, म्हणजे काळ्या चिऱ्यांच्या तुलनेत तो अगदी कालचा. मऊ असल्याने त्यावर पाने, फुले आणि माणसांचे चेहरे सहज कोरता येतात, आणि हाच मऊपणा पुढे त्याच्या मुळावर येतो. वाहनांच्या व कारखान्यांच्या धुरातील गंधकाची संयुगे ओलाव्यात मिसळून त्यातील कॅल्शियम कार्बोनेटचे जिप्सम करतात. पावसाने धुतल्या जाणाऱ्या भागावर ते विरघळून कोरीवकामाची धार बोथट होते, तर आडोशाच्या भागात काजळी धरून काळी खपली जमते. खाऱ्या हवेतील मीठ दगडाच्या छिद्रांत शिरून वाळले की त्याचे स्फटिक वाढतात आणि पापुद्रे सुटतात. दुरुस्ती करताना चुन्याऐवजी सिमेंटने सांधे भरले, तर ओलाव्याला सांध्यातून बाहेर पडायला वाट राहत नाही. मग तो दगडातूनच बाहेर पडतो आणि नासधूस वाढते. चांगल्या हेतूने केलेल्या दुरुस्तीने अशी हानी झालेली जुन्या इमारतींत अनेक ठिकाणी दिसते.

फ्लोरा फाउंटनचा (१८६४) दगड मात्र थेट इंग्लंडचा. पोर्टलँडचा हा चुनखडक सुमारे साडेचौदा कोटी वर्षांपूर्वी उबदार, उथळ समुद्रात साचला, म्हणजेच तो उच्च न्यायालयाच्या बेसॉल्टपेक्षा दुपटीहून जुना आहे. अनेक वर्षे त्यावर रंगाचे थर चढवले गेल्याने तो दगड आहे हेसुद्धा ओळखू येत नसे. अलीकडच्या जतनकामात ते थर काढले गेले.

ओव्हल मैदानाच्या पश्चिमेकडील आर्ट डेको इमारतींपाशी ही दगडांची रांग संपते, कारण तेथे काँक्रीटवर गिलावा आहे. मैदानाच्या दोन्ही बाजूंना मिळून २०१८ मध्ये जागतिक वारसा म्हणून मान्यता मिळाली. मुंबईच्या काँक्रीटमध्ये घातली जाणारी खडी सहसा फोडलेल्या बेसॉल्टचीच असते. दगड पाहायला बाहेर पडायचे, तर सकाळचे तिरपे ऊन किंवा पावसाची सर ओसरल्यानंतरची वेळ निवडावी, कारण ओल्या दगडाचा रंग आणि पोत अधिक उठून दिसतो. सोबत दहापट मोठे दाखवणारे साधे भिंग असावे. भिंतीवर ओरखडा मात्र काढू नये.