१० इंच, ९ इंचांच्या आधी?

जुलै लागला की कोल्हापुरात चहाच्या आधी पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पाणीपातळी बघतात. ३९ फूट म्हणजे इशारा, ४३ फूट म्हणजे धोका, हे इथं शाळकरी पोरालाही पाठ. माझ्या भाच्यानं गेल्या पावसाळ्यात या नोंदी चढत्या क्रमानं लावणारा छोटा जावास्क्रिप्ट प्रोग्राम लिहिला. एका संध्याकाळी वैतागून आला. "मामा, ४३ फूट १० इंच हे ४३ फूट ९ इंचांच्या आधी लागतंय. कॉम्प्युटर येडा झालाय."

येडा नव्हता. त्याला सांगितलंच नव्हतं कशाची तुलना करायची ते.

भाच्याची प्रत्येक नोंद म्हणजे मोठ्या यादीच्या पोटात एक छोटी यादी: [४३, ९], [४३, १०]. तुलनेचा नियम दिला नाही, तर जावास्क्रिप्टचं सॉर्ट, म्हणजे क्रम लावणारी तयार आज्ञा, या छोट्या याद्यांचा आधी मजकूर करतं: '४३,९' आणि '४३,१०'. मग शब्दकोशात लावावेत तसं डावीकडून एकेक चिन्ह ताडून बघतं. चाराला चार, तिनाला तीन, स्वल्पविरामाला स्वल्पविराम. पुढं एकीकडं ९, दुसरीकडं १. संगणकाकडं प्रत्येक चिन्हाला क्रमांक असतो. इंग्रजी एकच्या चिन्हाचा ४९, नऊच्या चिन्हाचा ५७. लहान क्रमांक आधी, निकाल इथंच लागला. एकामागचं शून्य कुणी बघितलंच नाही. म्हणून इंच लागतात १, १०, ११, २, ३ असे. आणि पुराच्या दिवसांत फूट दोन आकडीच असल्यानं फुटांचा क्रम मात्र चोख येतो! दगा देतात ते फक्त १० आणि ११ इंच, म्हणून चूक आठवडाभर कुणाला दिसली नाही. दशांश करून ४३.१० लिहिलं तरी सुटका नाही, ते ४३.९ पेक्षा लहानच.

(नक्षत्राचं वाहन बेडूक आहे की कोल्हा यावरून पुराचा अंदाज सांगणारे काका या गोंधळावर खूश होते. पण प्रोग्रामची चूक शोधून दाखवता येते, बेडकाची कशी शोधणार?)

उपाय म्हणजे तुलनेचा नियम आपण द्यायचा: फुटांची वजाबाकी करा, ती शून्य आली तर इंचांची. उत्तर ऋण आलं तर पहिली नोंद आधी, धन आलं तर नंतर. भाच्यानं वजाबाकीऐवजी 'मोठं आहे का?' असं विचारलं आणि पुन्हा फसला. उत्तर 'खरं' असेल तर १, 'खोटं' असेल तर ०. ऋण उत्तर येणारच कुठून? एका नोंदीत तर इंच लिहायचेच राहिले होते. तिथं वजाबाकीचं उत्तर 'संख्याच नाही' असं येतं, आणि सॉर्ट ते मुकाट्यानं शून्य धरतं.

पायथन ही दुसरी प्रोग्रामिंग भाषा याद्यांची तुलना घटकागणिक करते, त्यामुळं [४३, ९] आपोआप आधी. पण इंचांच्या जागी कुणी '-' असं चिन्ह भरलं, तर ती थेट एरर देऊन थांबते. तेही फूट सारखे असतील तेव्हाच, कारण फुटांतच फरक पडला तर इंचांपर्यंत जायची गरजच नसते. त्यामुळं काल चाललेला प्रोग्राम आज बंद पडतो.

शेवटी भाच्यानं सगळ्याचे इंच केले. ४३ फूट १० इंच म्हणजे ५२६. क्रम बिनचूक लागला, पण गल्लीतल्या ग्रुपवर पहिलाच प्रश्न आला: "५२६ म्हणजे धोका पातळीच्या वर की खाली?"