टोपी तीच, गोगलगाय वेगळी

ओहोटीला उघड्या पडलेल्या कातळावर रेघारेघांच्या इवल्या टोप्या चिकटलेल्या दिसल्या, की आपण सरसकट ‘लिंपेट’ म्हणून मोकळे होतो. उष्ण कटिबंधातल्या किनाऱ्यांवर मात्र या टोप्यांखाली दोन अगदी वेगळ्या गोगलगायी असू शकतात. एक सेलाना रेडिएटा, हिंद-प्रशांत भागातलं खरं लिंपेट. दुसरी सायफोनेरिया, जिला खोटं लिंपेट म्हणतात. फसलात तर लाजू नका. अटलांटिकमधल्या एका सायफोनेरियाला सजीवांना शास्त्रीय नावं देण्याची पद्धत घालून देणाऱ्या खुद्द लिनिअसने १७५८ मध्ये खऱ्या लिंपेटांच्या पंगतीत बसवलं होतं.

नीट पाहिलं तर सायफोनेरियाची एक कड फुगीर असते, टोपी एकीकडे ओढल्यासारखी. त्या फुगवट्याखाली तिची श्वासाची वाट असते. रिकामं कवच सापडलं तर उलटंच करा. आत स्नायूची घोड्याच्या नालेसारखी खूण दिसेल. नालेचं तोंड डोक्याच्या बाजूला उघडत असेल तर खरं लिंपेट, कडेच्या फुगवट्याशी उघडत असेल तर सायफोनेरिया.

सेलाना कल्ल्यांनी श्वास घेते आणि ओहोटीत कवच कातळाला दाबून आतली ओल जपते. सायफोनेरिया नात्याने जमिनीवरच्या गोगलगायींना जवळची. ती कवचाखालच्या पोकळीत चक्क हवा घेते आणि पाण्याखाली कल्ल्यासारख्या घड्यांवर भागवते. मग टोपी सारखी कशी? लाटांचा मारा झेलायला बुटकं, उतरतं कवच सोयीचं, म्हणून दोघी वेगवेगळ्या वाटांनी त्याच आकाराला पोचल्या.

मला सगळ्यात गंमत वाटते ती दातांची. खऱ्या लिंपेटच्या जिभेवरच्या दातांत गोएथाइट हे लोहखनिज असतं, त्यामुळे कातळ खरवडून त्यावरचा शेवाळाचा पातळ थरही त्याला खाता येतो. युरोपातल्या एका लिंपेटचे दात ताण सोसण्यात कोळ्याच्या धाग्यापेक्षाही मजबूत असल्याचं २०१५ मध्ये पोर्ट्समथ विद्यापीठाच्या संशोधकांनी दाखवलं. सायफोनेरियाचे दात असे लोखंडी नाहीत. ती मऊ शेवाळ कुरतडते. तिची पकडही तुलनेने ढिली. पण छेडलं तर ती पांढरा, चिकट, वाईट चवीचा स्राव सोडते.

सेलानाची अंडी आणि शुक्राणू थेट पाण्यात सोडले जातात. सायफोनेरिया मात्र नर-मादी एकातच. ती कातळावर जेलीसारख्या वळ्यांत अंडी चिकटवते. टोप्यांच्या आसपास अशी वळी दिसली, तर कवच उलटं करायचीही गरज नाही.