धुक्यातला गोदाघाट आणि हरवलेली कड

डिसेंबरात सकाळी साडेसहाला नाशिकला गोदावरीवरच्या रामसेतू पुलाजवळ उभं राहून पलीकडे पंचवटीकडे बघा, नारोशंकराच्या देवळाचं शिखर दिसतं पण त्याला कड नसते, आणि मला विचाराल तर नदीकाठच्या शहराचं चित्र जमतं की फसतं ते या कडेवरच.

आता हवेत होतं काय, तर थंडीत आपल्याकडे पारा १० अंशांच्या खाली जातो पण नदीचं पाणी तेवढं पटकन गार होत नाही, मग पाण्यावरून उठलेली वाफ गार हवेत शिरली की तिचे थेंब होतात, मिलिमीटरच्या साधारण शंभराव्या भागाएवढे. प्रकाशाच्या तरंगलांबीपुढे हे थेंब खूप मोठे, त्यामुळे ते निळा-तांबडा असा भेद करत नाहीत, सगळेच रंग सारखे विखुरतात, म्हणून धुकं पांढरं. धुराचे कण फार बारीक, ते निळा जास्त विखुरतात, टपरीवरचा धूर काळ्या भिंतीसमोर निळसर दिसतो तो त्यामुळेच. आणि जेवढं अंतर जास्त तेवढा हा विखुरलेला उजेड मधे येतो, म्हणून जवळची पायरी काळी, देऊळ राखाडी आणि त्यामागचं सगळं जवळजवळ कागदाच्या रंगाचं.

फ्रेंच चित्रकार मोनेने १८९९ ते १९०१ मध्ये लंडनची थेम्स नदी अशीच रंगवली, पण तिथे धुक्यात कोळशाचा धूर होता. २०२३ मध्ये संशोधकांनी इंग्रज चित्रकार टर्नर आणि मोनेची जवळपास १०० चित्रं तपासली, तर हवेतलं प्रदूषण वाढलं तसा चित्रांतला कॉन्ट्रास्ट कमी झालेला सापडला! मला हे फार भारी वाटतं, डोळ्याने पाहिलेलं इतकं खरं उतरतं.

कागदावर हे करायचं तर वॉटरकलरच. कोरड्या कागदावर रंगाचा थेंब टाकला की कडेचं पाणी आधी उडतं, ते भरून काढायला मधलं पाणी कडेकडे धावतं आणि रंगाचे कण तिथे नेऊन सोडतं, चहाच्या डागाला गडद रिंग येते ना, अगदी तसंच. कागद आधीच ओला असेल तर थेंबाला थांबायला कडच नाही, रंग पसरत विरत जातो, धुक्यासारखा. फक्त वेळ सांभाळायची, कागदाची चमक जाऊन तो मंद दिसायला लागला की जास्त पाण्याचा ब्रश लावायचा नाही, नाहीतर फ्लॉवरच्या गड्ड्यासारखा डाग उमटतो. मे महिन्यात ही वेळ बघता बघता निघून जाते, डिसेंबरच्या सकाळी मात्र कागद निवांत ओला राहतो, अल्ट्रामरीन निळ्यात थोडं तपकिरी बर्न्ट सिएना घालून शिखराचा रंग ओल्या कागदावर सोडायचा आणि हात मागे घ्यायचा.

सगळं वाळल्यावर मी पुढच्या पायरीवरचा तांब्या काढते, जवळजवळ कोरड्या ब्रशने, एकदम धारदार कडेचा.